पक्षितज्ज्ञ सलीम अली आणि आमची पडीक जागा

कोठीच्या गजबजाटातून बाहेर पडून चादरघाटाच्या बाजूने मुसी नदीकडे उतरू लागले, की रस्त्यालगत एक पडीक जागा लागत असे. पडक्या भिंतीचा तुकडा, वेड्या बाभळीची दाट झुडपे, रुई आणि घाणेरी, पावसाळ्यात साचणारे गुडघाभर पाणी, आणि उरलेल्या जागेत लोकांनी आणून टाकलेला राडारोडा, एवढेच तेथे जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या दृष्टीस पडे. आमच्या शाळेच्या निसर्गमंडळाची मुले मात्र रविवारी सकाळी तेथे जात असत. दोन वर्षांत मंडळाच्या वहीची कित्येक पाने त्या एका जागेने भरली. साळुंकी, बुलबुल, शिंपी, मुनिया, भारद्वाज, वेडा राघू, कोतवाल, साचलेल्या पाण्याच्या कडेला टिटवी आणि लांब तांबड्या पायांचे शेकाटे, भिंतीवर येऊन बसणारा खंड्या, अशी नावे मुलांनी आपल्या हाताने लिहिली आहेत. ह्या वर्षी शाळा उघडल्यावर आम्ही तेथे गेलो, तेव्हा त्या जागेभोवती पत्रे उभे होते व आत यंत्राने जमीन सपाट करण्याचे काम चालले होते. मुले पत्र्यापाशी थोडा वेळ उभी राहिली आणि परतली.

परतताना इयत्ता आठवीतील एका विद्यार्थिनीने आम्हांस एक प्रश्न विचारला. ती जागा पडीकच होती, कोणाच्याही उपयोगाची नव्हती, आता तेथे काहीतरी उपयोगाचे होईल. मग आपल्याला वाईट का वाटावे, असे तिचे म्हणणे होते. प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर आम्हांस तत्काळ देता आले नाही. पुढे विचार करू लागलो तेव्हा एका माणसाच्या चरित्राकडे आमचे मन वळले. ज्या माळांना, दलदलींना आणि झुडपांना लोक रिकामी जागा समजत, तेथे काय काय राहते ते पाहण्यात व लिहून ठेवण्यात ज्यांनी जवळजवळ सारे आयुष्य वेचले, त्या डॉ. सलीम अलींचे ते चरित्र होय. आमच्या ह्या हैदराबादेशीही त्यांचा जुना संबंध आहे. म्हणून ह्या अंकात त्यांची ओळख करून देण्याचे आम्ही योजिले.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली ह्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. भावंडांत ते धाकटे. एक वर्षाचे असताना वडील वारले, आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. ह्या पोरक्या मुलांचा सांभाळ त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम ह्यांनी केला. घर खेतवाडीत, म्हणजे भर वस्तीत होते. परंतु सुटीत हे कुटुंब चेंबूरला जाऊन राहत असे. आज दाट वस्तीचे व कारखान्यांचे उपनगर म्हणून प्रसिद्ध असलेले चेंबूर त्या वेळी आंब्याच्या बागा, टेकड्या आणि झाडीने वेढलेले खेडे होते. सलीम अलींना दीर्घ आयुष्य लाभले. त्यामुळे बालपणी पाहिलेले रान डोळ्यांदेखत नाहीसे होणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

मामा शिकारीचे शौकीन होते व त्यांनी मुलांच्या हाती छऱ्याची छोटी बंदूक दिली होती. सलीम सुमारे दहा वर्षांचा असताना त्याने एक चिमणी पाडली. ती हातात घेऊन पाहतो, तो तिच्या कंठावर पिवळा डाग! अंगणातल्या चिमणीला असा डाग नसतो, हे त्या मुलाच्या ध्यानात आले. मामांनाही त्या पक्ष्याचे नाव सांगता येईना. तेव्हा त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेकडे पाठविले. ही संस्था १८८३ साली स्थापन झालेली. तिचे सचिव मिलर्ड नावाचे इंग्रज गृहस्थ होते. त्यांनी त्या लहान मुलाला हाकलून न देता पक्षी ओळखून दाखविला, ती पिवळ्या कंठाची रानचिमणी आहे असे सांगितले, आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्याच्यापुढे मांडले. पुढे त्यांनी त्याला पक्ष्यांची कातडी सोलून टिकविण्याची विद्याही शिकण्याची व्यवस्था करून दिली. एका वडीलधाऱ्या माणसाने मुलाच्या प्रश्नाला दिलेला अर्धा तास किती मोलाचा ठरू शकतो, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण आम्हां शिक्षकांना दुसरे सापडत नाही.

ह्यानंतर सारे सुरळीत झाले, असे मात्र नाही. विद्यार्थ्यांनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. सलीम अली शाळेत हुशार म्हणून गणले जात नव्हते. डोकेदुखीच्या आजारामुळे मध्येच त्यांची शाळा सुटली व हवापालटासाठी त्यांना सिंधमध्ये पाठवावे लागले. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. सेंट झेवियर महाविद्यालयात पहिल्याच वर्षी गणिताने त्यांना जेरीस आणले आणि ते शिक्षण सोडून ब्रह्मदेशात तव्हॉय येथे भावाच्या खाणीच्या व लाकडाच्या धंद्यात गेले. धंद्यापेक्षा भोवतालच्या अरण्यातच त्यांचे मन अधिक रमे. धंदा अर्थातच बुडाला. १९१७ साली परत आल्यावर त्यांनी हिशेबाचे शिक्षण घेतले व त्याच जोडीला झेवियरमध्ये प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षिशास्त्रज्ञाची जागा निघाली, परंतु विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे ती त्यांना मिळू शकली नाही. ज्यांना पुढे अनेक विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टर ही पदवी दिली, त्यांच्याजवळ परीक्षा देऊन मिळविलेली एकही पदवी नव्हती.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविभाग समजावून सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी त्यांना लागली. तेथे दोन वर्षे काढल्यावर आपले ज्ञान तोकडे आहे, हे त्यांना जाणवले. रजा घेऊन ते जर्मनीस गेले व बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन स्ट्रेझेमान ह्या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. १९३० साली परत येऊन पाहतात, तो पैशाच्या अभावी त्यांची जागाच बंद करण्यात आली होती. वय ३३ वर्षांचे, घरी पत्नी, आणि हाती नोकरी नाही!

अशा वेळी दुसरा कोणी खचून गेला असता. सलीम अली व तेहमिनाबाई मुंबई सोडून समुद्रापलीकडे अलिबागजवळच्या किहीम गावी राहावयास गेली. आम्ही कोंकणीभाषक, कोंकणपट्टीत वाढलेले. पावसाळ्यातील किहीम कसे दिसत असेल हे आम्ही डोळ्यांपुढे आणू शकतो. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. करण्यासारखे दुसरे काही नसल्यामुळे सलीम अलींनी झाडाला शिडी लावली, वर आडोसा बांधला, आणि पावसाळाभर त्या आडोशात बसून ते खोपे पाहू लागले. रोज, तासन् तास त्यांचा हा क्रम चालू होता.

सुगरणीचा खोपा कोणा मराठी मुलाला ठाऊक नाही? बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे तो घराघरात पोहोचला आहे. कवितेत सुगरण आपल्या पिलांसाठी खोपा विणते. सलीम अलींनी आडोशातून जे पाहिले ते असे: खोपा विणतो तो नर. तो गवताच्या पात्यांचे लांब धागे काढून आणतो व खोपा अर्धवट विणून थांबतो. मग माद्यांचा थवा येतो आणि प्रत्येक मादी खोपे आतून-बाहेरून पारखते. पसंत पडला तर ती तेथे राहते. मग नर उरलेले विणकाम पुरे करतो, मादी अंडी घालते, आणि नर लगेच दुसरा खोपा बांधावयास घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो. नापसंत खोपे तसेच अर्धवट लोंबकळत राहतात. पूर्वी अशा अर्ध्या खोप्यांविषयी नाना तर्क केले जात. नोकरी गेलेल्या एका माणसाने केवळ बसून पाहिले आणि त्यांचा उलगडा झाला. कवितेचे मोल ह्याने तिळमात्र कमी होत नाही, कारण कविता आईच्या मायेविषयी आहे. परंतु डोळ्यांनी पाहून लिहिलेली गोष्ट आणि मनाने जाणलेली गोष्ट ह्यांतील फरक विद्यार्थ्यांनी ओळखावा, म्हणून हे मुद्दाम सांगितले. हा शोधनिबंध १९३१ साली प्रसिद्ध झाला व पक्षिशास्त्रज्ञांच्या जगात सलीम अलींचे नाव झाले.

ह्याच सुमारास त्यांना एक कल्पना सुचली. देशातील अनेक संस्थानांत कोणते पक्षी आहेत, ह्याची पद्धतशीर पाहणी कधी झालीच नव्हती. मुक्कामाचा व प्रवासाचा खर्च संस्थानाने सोसावा, आपण पाहणीचे काम विनावेतन करू, अशी योजना त्यांनी मांडली. तिला प्रथम होकार मिळाला तो निजामाच्या हैदराबाद राज्याकडून. १९३१-३२ साली सलीम अलींनी ही पाहणी केली.

त्या वेळचे हैदराबाद राज्य म्हणजे केवळ हे शहर नव्हे. तेलंगणाचे जिल्हे, मराठवाड्याचे पाच जिल्हे आणि आज कर्नाटकात असलेले बिदर, गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे मिळून ते राज्य झालेले होते. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत ते तीन राज्यांत वाटले गेले. पक्ष्यांना अर्थातच ह्या सीमा ठाऊक नाहीत. नल्लमला डोंगरातील मन्ननूर व फराहाबादच्या दाट रानापासून दख्खनच्या उघड्या, खडकाळ माळांपर्यंत नाना प्रकारची भूमी ह्या राज्यात होती. सलीम अली तंबू ठोकून राहत, पहाटे बाहेर पडत, पक्षी पाहत, नमुने गोळा करीत आणि रात्री कंदिलाच्या उजेडात नोंदी लिहीत. त्या काळी ओळख पक्की करण्यासाठी पक्षी मारून त्याचे कातडे जतन करावे लागे. सलीम अलींनीही ते केले आणि त्याविषयी कधी लपवाछपवी केली नाही. तेहमिनाबाई मुंबईच्या सुखवस्तू घरात वाढलेल्या व विलायतेत शिकलेल्या होत्या. पण पतीबरोबर तंबूत, जंगलात, उन्हातान्हात त्या आनंदाने राहिल्या. ह्या पाहणीचा वृत्तान्त १९३३-३४ साली संस्थेच्या नियतकालिकात क्रमशः छापला गेला. त्याला ह्यू व्हिसलर ह्या इंग्रज पक्षितज्ज्ञाच्या टीपा आहेत.

ह्या व्हिसलरसाहेबांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पूर्वी त्यांनी एका कोतवाल जातीच्या पक्ष्यासंबंधी केलेले विधान चुकीचे असल्याचे तरुण सलीम अलींनी दाखवून दिले होते. कोण कुठला अनोळखी हिंदी तरुण आपली चूक काढतो, म्हणून साहेबांना प्रथम राग आला. परंतु पुढे त्यांनी आपल्याकडील नमुने पुन्हा तपासले, चूक आपलीच आहे हे मान्य केले, आणि तेव्हापासून दोघे जिवलग मित्र झाले. परतंत्र देशात साहेबाची चूक दाखविण्यास धैर्य लागत असे. आणि साहेबाने ती कबूल करण्यासही थोडे लागलेच असेल.

हैदराबादनंतर त्रावणकोर व कोचीन, अफगाणिस्तान, म्हैसूर, कच्छ, बडोदे अशा पाहण्या एकामागून एक झाल्या. मध्येच १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिनाबाईंचे निधन झाले. सलीम अलींच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा घाव होता. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. वांद्र्याच्या पाली हिलवर बहीण व मेहुणे ह्यांच्या घरी ते राहू लागले आणि त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. तोपर्यंत पक्ष्यांची पुस्तके तज्ज्ञांसाठी असत. हे पुस्तक सामान्य वाचकाला हाती धरून पक्षी ओळखता यावेत अशा रीतीने लिहिलेले होते. पंडित नेहरूंनी डेहराडूनच्या तुरुंगातून हेच पुस्तक आपल्या कन्येला पाठविले होते. पुढे अमेरिकेतील डिलन रिप्ली ह्यांच्यासह त्यांनी भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांवरील दहा खंडांचा महाग्रंथ लिहिला. तो १९६८ ते १९७४ ह्या काळात प्रसिद्ध झाला. पहिला खंड निघाला तेव्हा त्यांचे वय ७१ वर्षांचे होते.

आता आपण पुन्हा त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. सलीम अलींनी पक्षी केवळ ओळखले नाहीत. ते जेथे राहतात त्या जागांसाठीही ते झटले. आणि गंमत अशी, की त्यांपैकी कित्येक जागा लोकांच्या दृष्टीने पडीकच होत्या.

भरतपूरचे केवलादेव घ्या. हे काही अनादि अरण्य नव्हे. बंधारा घालून सखल जमिनीत पाणी साठविल्यामुळे तयार झालेली ती दलदल. संस्थानिकांनी ती बदकांच्या शिकारीसाठी राखलेली. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, म्हणजे योगायोगाने सलीम अलींच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो ह्यांच्या शिकारीत तेथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर ही दलदल कोरडी करून जमीन शेतीसाठी वाटावी, अशी मागणी पुढे आली. भूमिहीन माणसाच्या दृष्टीने ती मागणी गैर होती असे कोण म्हणेल? परंतु हिवाळ्यात हिमालयापलीकडून येणाऱ्या हजारो पक्ष्यांचा तो आसरा होता. सलीम अलींनी नेहरूंपर्यंत गाऱ्हाणे नेले आणि ती दलदल वाचली. तिला पुढे राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

ह्या कथेची दुसरी बाजूही आम्ही लपवू इच्छित नाही. १९८२ साली ह्या उद्यानात गुरे चारण्यास बंदी करण्यात आली. ह्या बंदीला सलीम अलींचाही पाठिंबा होता. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात काही गावकरी प्राणास मुकले. पुढे सलीम अलींच्याच संस्थेने अनेक वर्षे केलेल्या अभ्यासात असे आढळले, की म्हशींचे चरणे थांबल्यावर पाण्यातील गवत बेसुमार वाढते व पक्ष्यांना पाण्याची मोकळी जागा उरत नाही. म्हणजे तज्ज्ञांचा अंदाज चुकला होता. चूक उघडी करणारा अभ्यास त्याच संस्थेने केला व प्रसिद्धही केला, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. मात्र ज्या घरांतील माणसे गेली, त्यांना ह्या अभ्यासाने काय मिळाले, हा प्रश्न तसाच राहतो. एखादी जागा राखताना तेथील माणसाला विचारले पाहिजे, हा धडा भरतपूरने दिला आहे.

माळढोकाचेही असेच. कमरेइतका उंच, वजनाने पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा अशा कोरड्या माळांचा रहिवासी. त्याला दाट झाडी नको. उघडे गवताळ माळरान हवे. आपल्या सरकारी कागदांत माळरान म्हणजे बहुधा पडीक जमीन. ती नांगरून शेत करावे किंवा तीवर झाडे लावावीत, ह्यालाच सुधारणा समजण्यात आले. माळढोकाला राष्ट्रीय पक्षी करावे, असे सलीम अलींनी सुचविले होते, म्हणजे त्याच्या निमित्ताने माळांकडे लोकांचे लक्ष जाईल. १९६३ साली मान मिळाला तो मोराला. १९७९ साली सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोकासाठी अभयारण्य झाले खरे, परंतु तोवर पुष्कळ उशीर झाला होता. आज महाराष्ट्रात माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे. झाडे तोडल्यामुळे पक्षी जातात, हे आपण ऐकलेले असते. नको तेथे झाडे लावल्यानेही पक्षी जातात, हे माळढोकाकडून शिकावे.

आणखी एक उदाहरण तर आपल्या शेजारचे आहे. जर्डनचा धाविक हा निशाचर पक्षी १९०० सालानंतर कोणालाही दिसला नव्हता. तो नामशेष झाला असेच सर्वांनी धरले होते. जानेवारी १९८६ मध्ये आंध्रातील कडप्पा जिल्ह्यात, सलीम अलींच्या संस्थेच्या संशोधकाला स्थानिक माणसांच्या मदतीने तो पुन्हा सापडला. कोठे? घनदाट अरण्यात नव्हे, तर काटेरी झुडपांच्या विरळ रानात. सामान्य माणूस जेथे सरपणाखेरीज दुसरे काही पाहणार नाही अशा जागी. त्या वेळी सलीम अली ८९ वर्षांचे होते. आयुष्याच्या शेवटी त्यांना ही बातमी ऐकावयास मिळाली, ह्याचा आम्हांस आनंद वाटतो.

१९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण, १९६७ साली ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ संघाचे सुवर्णपदक, १९८५ साली राज्यसभेचे सदस्यत्व, असे मान त्यांना मिळाले. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पारितोषिकाची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी देऊन टाकली. केरळातील सायलेंट व्हॅली धरणाखाली जाऊ नये म्हणून ज्यांनी आवाज उठविला, त्यांत ते होते. ते अरण्य वाचले. १९८५ साली त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि त्याचे नाव एका चिमणीवरून ठेवले. २० जून १९८७ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, मुंबईस त्यांचे देहावसान झाले. कोईमतूरजवळ त्यांच्या नावाची संशोधनसंस्था आहे. आमच्या गोमंतकात मांडवीच्या पात्रातील चोडण बेटावर, खारफुटीच्या चिखलात, त्यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. खारफुटीचा चिखल ही देखील लोकांच्या मते पडीक जागाच! आमच्या कोंकणीत पक्ष्याला सुकणें म्हणतात. चोडणच्या होडीत बसून भरतीच्या वेळी ती सुकणीं पाहताना, सलीम अलींचे नाव योग्य जागी दिले गेले, असे आमच्या मनात आले.

अगदी अलीकडे, २०२५ साली, आपल्याच हैदराबादेत हा प्रश्न साऱ्या देशाने पाहिला. शहराच्या पश्चिमेस हैदराबाद विद्यापीठाला लागून कंचा गच्चीबावली येथे सुमारे ४०० एकर जमीन आहे. तेलुगू भाषेत कंचा म्हणजे गुरे चारण्याचे कुरण. खडक, झुडपे, तळी असे तिचे स्वरूप. जमीन राज्याच्या मालकीची असून तेथे माहिती-तंत्रज्ञानाचे उद्योग आणावयाचे व रोजगार निर्माण करावयाचा, असे सरकारचे म्हणणे होते. मार्चच्या अखेरीस यंत्रे आत गेली व झाडे पडू लागली. विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी विरोध केला, आणि ३ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबविण्याचा आदेश दिला. ह्या वादात आम्हांस विशेष वाटली ती एक गोष्ट. ती जागा रिकामी नाही, हे सांगण्यासाठी विद्यार्थी व पक्षिनिरीक्षक ह्यांनी पुढे केल्या त्या वर्षानुवर्षे जमविलेल्या याद्या. विद्यापीठाच्या परिसरात दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली होती. त्या नोंदी रविवारच्या सकाळी हातात वही घेऊन हिंडणाऱ्या माणसांनी केलेल्या होत्या. सलीम अलींनी १९३१ साली ह्या राज्यात जे केले, तेच ही मंडळी आपापल्या परीने करीत होती.

आता त्या विद्यार्थिनीला आमचे उत्तर. शहर वाढते आहे. माणसांना घरे, दवाखाने, शाळा हव्यात. आपली ही कोठीदेखील एके काळी नदीकाठची मोकळी जमीन होती. तीवर रेसिडेन्सीची इमारत उठली, भोवती बाजार वसला, आणि आज आपण तेथे राहतो. म्हणून प्रत्येक मोकळी जागा तशीच राहावी, असा हट्ट आम्ही धरीत नाही. परंतु एखादी जागा पडीक आहे, असे म्हणण्यापूर्वी तेथे कोण राहते ते कोणीतरी पाहिले पाहिजे. हिशेब न करता खर्च करणारा माणूस आपण काय गमावले हे सांगू शकत नाही. आपल्या त्या लहानशा जागेत टिटवी अंडी घालीत असे, हे मंडळाची वही नसती तर आज कोणालाच ठाऊक नसते. तुला वाईट वाटले, कारण तू मोजले होतेस. ज्याने मोजले नाही, त्याला त्या पत्र्यांमागे काहीच दिसत नाही.

मंडळाच्या मुलांना आमची एवढीच सूचना आहे. ती वही फेकू नका. शाळेच्या ग्रंथालयात तारखेसह जपून ठेवा. सलीम अलींची हैदराबादची पाहणी नव्वद वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही अभ्यासकांना उपयोगी पडते, कारण तिच्यामुळे तेव्हा काय होते आणि आता काय राहिले, ह्याची तुलना करता येते. तुमची वही लहान असली, तरी कोठीतल्या त्या एका तुकड्याची दुसरी नोंद आमच्या पाहण्यात नाही. आणि पुढच्या रविवारी नवी वही घेऊन या. मुसीचा काठ अजून आहे, रेसिडेन्सीच्या आवारातील जुनी झाडे अजून आहेत, आणि शाळेच्या मैदानाच्या कुंपणापलीकडे कोण राहते, हे तर आपण अजून पाहिलेलेच नाही. दुर्बीण नसली तरी चालेल. सलीम अलींच्या हाती पहिल्या दिवशी केवळ एक चिमणी होती, आणि तिच्याविषयी एक प्रश्न.